उंचीचा रकाना

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस आहे. पुढे एक टेबल, मागे रंगाचं गोदाम. साइट माझे पती आणि दीर सांभाळतात. कोटेशन, हजेरीपत्रक, बिलं आणि विमा माझ्याकडे. विम्याचं खातं मी हौसेने घेतलं नाही. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर आमची माणसं अडवली, 'डब्ल्यूसी पॉलिसीची (कामगार भरपाईच्या विम्याची) झेरॉक्स आणा, मग गेटपास' असं सांगितलं, आणि घरात कागद वाचायचा कंटाळा नसलेली मी एकटीच होते. तोवर विमा म्हणजे एलआयसी, एवढीच आमची समजूत. आता बडोद्यातल्या बऱ्याच रंगवाल्यांच्या घरून मला फोन येतात, आणि तेही बहुतेक अपघात होऊन गेल्यावर. म्हणून आधीच सांगण्यासारखं जे आहे ते इथे लिहिते.

१. प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नये

विमा कंपनी आपलं काम बघायला साइटवर येत नाही. फॉर्मवर जे लिहिलं तेच तिच्या लेखी आपलं काम. एजंट काय करतो, तर 'व्यवसायाचं स्वरूप' या रकान्यात 'पेंटिंग वर्क' असे दोन शब्द टाकतो आणि सहीची जागा दाखवतो. जुन्या पोळमधल्या, म्हणजे गल्लीतल्या, घराची एक खोली रंगवणं हेही पेंटिंग वर्क, आणि बारा मजली टॉवरला बाहेरून झुल्यावर बसून टेक्स्चर मारणं हेही पेंटिंग वर्क. पहिल्या कामात माणूस पडला तर घोडीवरून पडेल. दुसऱ्यात कुठून पडेल ते सांगायला नको. कंपनी दोन्हींना एकच भाव कसा लावील?

आम्ही पहिल्यांदा फॉर्म नीट भरायला बसलो तेव्हा एजंटभाई म्हणाले, "बेन, ऊंचाई लखशो तो प्रीमियम वधशे." मी म्हटलं, वाढू दे. आणि लिहून घेतलं: इमारतीचं आतून आणि बाहेरून रंगकाम, परांची आणि झुला दोन्ही वापरून, कमाल उंची इतके मीटर, स्प्रे गनने काम, लाकडाचं मेलामाइन आणि पीयू पॉलिश, त्यासाठी थिनरचा साठा, पुट्टी, वॉटरप्रूफिंग, वॉलपेपर, पीओपीची दुरुस्ती. काही फॉर्ममध्ये उंचीला स्वतंत्र रकाना असतो, काहींत नसतो. नसेल तर वर्णनातच घालावी. प्रीमियम वाढलाच. पण विम्याचा करार पूर्ण सचोटीवर उभा असतो, आणि महत्त्वाची गोष्ट लपवली असं निघालं की कंपनीला हात झटकता येतात. उंची ही रंगवाल्याची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

'डेकोरेटर' लिहिण्याआधीही विचार करावा. बडोद्यात गणपतीचे मांडव आणि नवरात्रातली गरब्याची मैदानं सजवणारे डेकोरेटर वेगळे, आणि घराच्या आत वॉलपेपर, पॅनेल, फॉल्स सीलिंग करणारे वेगळे. मांडववाल्याची जोखीम म्हणजे गर्दी, वीज आणि बांबू. आमची ती नाही. फॉर्मवर दोघेही 'पेंटर अँड डेकोरेटर'.

भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्यावी. पुढे भांडायची वेळ आली तर पॉलिसीइतकाच तो कागद लागतो.

२. नाक्यावरून आणलेला माणूस आपलाच असतो

श्रावण लागला की कामं वाढतात आणि दिवाळीच्या आधी तर माणसं पुरत नाहीत. कायमची माणसं प्रत्येकाकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची सकाळी कडियानाक्यावरून, म्हणजे मजूर उभे राहतात त्या चौकातून, येतात. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, आणि दाहोद-पंचमहालकडची. असा माणूस पडला की कंत्राटदाराच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, 'तो माझा नाही, रोजंदारीवरचा आहे.' मी हे वाक्य इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की मला त्याचा राग येणंही आता बंद झालंय.

कायदा असं म्हणत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या व्याख्येत पूर्वी नैमित्तिक कामावरच्या माणसाला वगळणारे शब्द होते. २००० सालच्या दुरुस्तीने ते काढून टाकले. म्हणजे आज सकाळी आठला आणलेला आणि दुपारी बाराला पडलेला माणूसही भरपाईचा हक्कदार. २०१० पासून या कायद्याच्या नावातही 'वर्कमेन'ऐवजी 'एम्प्लॉईज' आलं, पण एजंट आणि कारखान्याचे गेट अजून 'डब्ल्यूसी'च म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

भरपाईचा हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडून बघावा. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या ५० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के. हिशेबासाठी धरायच्या मजुरीची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे, आणि चांगल्या रंगाऱ्याची मजुरी आज तिच्या वर जाते, म्हणून १५,००० च धरा. वय ३० असेल तर आकडा २०७.९८. म्हणजे मृत्यूला ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५०. पूर्ण अपंगत्वाला १८,७१,८२०. मृत्यूपेक्षा अपंगत्वाचा आकडा मोठा. पहिल्यांदा बघितल्यावर हे कसंतरीच वाटतं. पण आयुष्यभर खाटेवर असणाऱ्याचा खर्च कोणी करायचा, असा विचार केला की पटतं.

आणि 'पूर्ण अपंगत्व' कशाला म्हणायचं? १९६८ च्या जुलैमध्ये एका सिनेमागृहात सजावटीचं काम करणारा सुतार पडला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं असं की एकच हात गेला, तेव्हा अपंगत्व अंशतः धरा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालय म्हणालं, सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा त्याच्यापुरतं हे पूर्णच. शिवाय भरपाई देणं लागतं ते अपघात झाल्या दिवसापासून, आयुक्तांचा निकाल लागल्या दिवसापासून नाही. आमच्या धंद्यात हा निकाल प्रत्येकाला माहीत हवा. रंगाऱ्याचा उजवा खांदा कायमचा गेला तर डॉक्टरच्या दाखल्यावरची टक्केवारी काहीही असो, तो छताला रोलर मारू शकणार नाही.

देणं लागू झाल्यापासून महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगून ठेवलंय. व्याजाचंही पॉलिसीत काय लिहिलंय ते बघावं लागतं. गुजरातमधल्याच एका प्रकरणात २००६ साली निकाल झाला, की कंपनीने करारात व्याज वगळलं असेल तर ते मालकाच्या अंगावर.

नाक्यावरच्या माणसांची नावं आधी कुठून देणार, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. नावं द्यायची गरज नाही. बिननावाची पॉलिसी मिळते: इतके कुशल, इतके मदतनीस, वर्षाची एकूण मजुरी इतकी. इथेही एजंट सुचवतोच, मजुरी निम्मी दाखवा. दाखवू नये. वर्षाखेरीस हजेरीपत्रकावरून हिशेब जुळवता येतो. अपघात झाला की सर्व्हेअर किंवा तपासनीस सगळ्यात आधी हजेरीपत्रकच मागतो. चार माणसांची पॉलिसी आणि साइटवर चौदा माणसं असतील, तर पडलेला पाचवा होता की चौथा, हा वाद कोण घालणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि भरपाईचं हे प्रकरण सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं. ५० आणि ६० टक्क्यांचं गणित तेच आहे. मोठा फरक येण्याजाण्याचा. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, कामावरचाच धरायचा आहे. स्कूटरच्या पुढ्यात वीस लिटरची बादली आणि मागे शिडी धरलेला मदतनीस, हे दृश्य ज्याने बघितलंय त्याला याचा अर्थ कळेल. नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीत हे आलंय का, असं मी आता लेखी विचारते.

३. पेटी कॉन्ट्रॅक्टरला दिलं म्हणून जबाबदारी गेली नाही

आपण घेतलेलं काम दुसऱ्याला पेटीवर दिलं आणि त्याचा माणूस पडला, तर तो माणूस आपल्याकडे भरपाई मागू शकतो. आपण ती नंतर पेटीवाल्याकडून वसूल करावी, अशी सोय कायद्यात आहे. ती कागदावर ठीक. पेटीवाला तोपर्यंत गावी गेलेला असतो. म्हणून आपल्या पॉलिसीत 'कंत्राटदारांचे कामगार' हा वाढीव भाग घ्यावा आणि त्यांची मजुरीही एकूण मजुरीत धरावी.

४. वीस रुपयांचा विमा घ्यावाच, पण तो आपला नाही

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ च्या मे महिन्यात सुरू झाली. तेव्हा हप्ता वर्षाला १२ रुपये होता, जून २०२२ पासून २० रुपये. अपघाती मृत्यूला दोन लाख. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खातं असलेल्या कोणालाही मिळते. आमच्या सगळ्या माणसांची आहे. तिची गोम अशी की वर्ष १ जूनला सुरू होतं आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. मे महिन्यात आमची निम्मी माणसं गावी लग्नाला, आणि खात्यात शंभर रुपयेसुद्धा शिल्लक नसतात. योजना गुपचूप बंद पडते. मे लागला की मी व्हॉट्सॲपवर सगळ्यांना हिंदीत निरोप पाठवते: खात्यात पैसे ठेवा. कंटाळवाणं काम आहे.

ही योजना कामगाराची आहे, मालकाची जबाबदारी तिने फिटत नाही. 'वीस रुपयेवाला केलाय ना' म्हणून डब्ल्यूसी न घेणारे मी बघितलेत. तसंच बांधकाम कामगार म्हणून नोंदणीचं. गुजरातच्या कल्याण मंडळाकडे रंगारीही नोंदवता येतो, त्याला ई-निर्माण कार्ड मिळतं. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आपण द्यायचा असतो. तो द्यायला काही मालक का कांकू करतात, मला कळत नाही. सही करायला पैसे पडत नाहीत.

५. कारखान्यात जाताना ईएसआय की डब्ल्यूसी, ते आधी ठरवावं

दहा किंवा अधिक माणसं आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होते, आणि ज्या माणसाला ईएसआय आहे त्याला त्याच दुखापतीसाठी डब्ल्यूसीची भरपाई मागता येत नाही. गोरव्याचं ईएसआय हॉस्पिटल आणि महामंडळाचं निवृत्तिवेतन हेच त्याचं संरक्षण. मात्र आपल्याकडे दोन्ही तऱ्हेची माणसं असतात, म्हणून कागदही दोन्ही लागतात. गेटवरचा माणूस यात डोकं घालत नाही, त्याला फाइल जाड दिसली पाहिजे.

६. भिंतीचा विमा नसतो, भिंतीजवळच्या वस्तूचा असतो

हे समजायला मला सगळ्यात वेळ लागला, आणि ते समजावलं एका झोपाळ्याने.

अलकापुरीतल्या एका बंगल्यात हॉलच्या भिंती आणि सागवानी दरवाजांचं पॉलिश असं काम होतं. हॉलच्या मधोमध संखेड्याचा झोपाळा. संखेडा इथून जवळच, छोटा उदेपूर जिल्ह्यात. तिथले कारागीर सागवानावर रंगीत नक्षी काढून वर लाखेचा झळाळ चढवतात, आणि लाखेला थिनरचं वैर. प्लास्टिक टाकून झाकला होता, पण प्लास्टिक सरकलं, वरून थिनरचा डबा कलंडला आणि पाठीवरची नक्षी पार विरघळली. त्याच आठवड्यात त्याच घरात, आमच्या माणसाने दरवाजावर डाग काढायला काहीतरी घासलं आणि सागवान काळं पडलं.

झोपाळ्याचे पैसे विमा कंपनीने दिले, सुरुवातीची आपण सोसायची रक्कम वजा करून. दरवाजाचे दिले नाहीत. घरमालकांना हे अजब वाटलं. दरवाजा झोपाळ्यापेक्षा महाग होता. पण कंपनीचं बरोबर होतं. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीची जी पॉलिसी आपण घेतो, तिच्यात जवळजवळ नेहमी एक अट असते: ज्या वस्तूवर तुम्ही काम करत आहात, किंवा जी तुमच्या ताब्यात दिलेली आहे, तिचं नुकसान आम्ही देणार नाही. दरवाजावर काम चालू होतं. झोपाळ्यावर नव्हतं, आणि तो मालकाच्या हॉलमध्ये मालकाच्याच ताब्यात होता. तपासणीच्या वेळी कंपनीने नेमका हाच प्रश्न विचारला: झोपाळा तुम्ही हलवला होता का? गोदामात ठेवायला नेला असता तर तो आमच्या ताब्यात आला असता आणि उत्तर बदललं असतं. तेव्हापासून गिऱ्हाइकाचं सामान 'आमच्याकडे ठेवतो' असं आम्ही आपणहून म्हणत नाही. हलवायचं असेल तर त्यांनी हलवावं, आमची माणसं हात लावतील.

ताब्यातल्या वस्तूंसाठी वाढीव कलम काही कंपन्या देतात, मोठ्या कामाला 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी मिळते. विचारावं. मात्र वाईट काम झालं म्हणून रंग सोलपटला, ओल पुन्हा आली, शेड जुळली नाही, याला कुठलाच विमा नाही आणि नसावाही. ती आपली भाकरी.

या बाबतीत जुन्या वाड्यांची कामं मला सगळ्यात भीतिदायक वाटतात. आपल्या तांबेकर वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, म्हणून तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात सुरक्षित आहे. कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, त्यांना तर कोणी घासायचा पत्रा लावणार नाही. पण दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडच्या खासगी वाड्यांत चुन्याच्या पाच थरांखाली काय असेल, कोण जाणे. घासकाम करताना एखादी वेलबुट्टी निघाली आणि अर्धी गेली, तर ती वस्तू आपण काम करत असलेलीच भिंत. विमा शून्य. म्हणून घासायच्या आधी फोटो, आणि मालकांची सही: भिंतीची आजची स्थिती अशी अशी.

जुन्या भिंती घासण्यात अजून एक गोष्ट. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत आणणारे नियम २०१६ चे, लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांची कोरडी धूळ माणसांच्या छातीत जाते. शिशाने होणारा आजार भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. ओलं घासावं, मास्क द्यावा.

आणि एजंटकडून 'पब्लिक लायबिलिटी' मागताना नीट मागावं. त्या नावाने दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक १९९१ च्या कायद्याखालची, भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेली, धोकादायक रसायनं ठरावीक साठ्यापेक्षा जास्त हाताळणाऱ्यांना सक्तीची. ती नंदेसरीतल्या कारखान्यांना लागते. रंगवाल्याला लागते ती दुसरी, साधी, आपल्या कामामुळे बाहेरच्या माणसाला किंवा त्याच्या वस्तूला इजा झाली तर कामी येणारी. तिच्यात एका अपघाताला किती आणि वर्षभरात किती असे दोन आकडे असतात. दोन्ही वाचावे. आणि स्प्रे गन चालवत असाल तर तेही लिहून घ्यावं, कारण कंपाउंडच्या भिंतीला मारलेला स्प्रे वैशाखाच्या वाऱ्यात शेजारच्या सोसायटीतल्या गाड्यांवर बारीक ठिपके उठवतो, आणि गाडीवाल्यांइतकी चिडलेली माणसं मी दुसऱ्या कुठल्याही क्लेममध्ये बघितली नाहीत.

७. विश्वामित्री दिवाळीच्या मालावर येते

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या पुढे गेली आणि मगरी सोसायट्यांत आल्या. बातम्यांत मगरी दिसल्या. गोदामं कोणी दाखवली नाहीत.

पुराचे दिवस आणि रंगवाल्याचा साठा एकाच वेळी चढतात. दिवाळीचा माल श्रावण-भाद्रपदात भरला जातो. आमच्या ओळखीच्या एका कलरवाल्याचं समा भागात तळमजल्यावर गोदाम होतं. पॉलिसी मार्चमध्ये घेतलेली, मार्चमधल्या साठ्याची. समजा साठा दहा लाखांचा आणि विमा सहा लाखांचा. नुकसान पाच लाखांचं झालं तर कंपनी सहा दशांश धरते, म्हणजे तीनच लाख. लोकांना वाटतं, सहा लाखांचा विमा आहे, पाच लाख तर मिळतीलच. छोट्या धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे, एका जागी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. आग, वादळ, पूर त्यात येतात आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ते माफ असतं. १५ टक्के, चाळीस नव्हे. म्हणून साठ्याचा आकडा दिवाळीच्या तोंडचा द्यावा. आणि पॉलिसीवर गोदामाचा जो पत्ता आहे तिथल्याच मालाला ती लागू. साइटवर गेलेल्या बादल्यांचं काय, ते वेगळं विचारावं.

पाणी उतरल्यावरचं काम कोणी शिकवत नाही. पुट्टीच्या चाळीस किलोच्या गोण्या दगड झालेल्या असतात, त्या मोजायला सोप्या. सीलबंद डबे आतून चांगले राहतात, पण लेबलं निघून गेलेली. कुठल्या डब्यात काय, कुठल्या बॅचचं, सांगता येत नाही, आणि असा माल गिऱ्हाईक घेत नाही. सर्व्हेअर मात्र म्हणू शकतो की डबा फुटलेला नाही, मग नुकसान कसलं? अशा वेळी खरेदीची बिलं आणि साठ्याची वही उपयोगी पडते, आणि ती गोदामात ठेवलेली नसली तरच. माझी वही पहिल्या मजल्यावर आणि फोटो फोनमध्ये. सर्व्हेअर येईपर्यंत माल फेकू नये. इकडे महानगरपालिकेची गाडी चिखल उचलायला दारात उभी असते आणि वासाने शेजारी ओरडत असतात, ते मला ठाऊक आहे. फेकणं अटळच असेल तर प्रत्येक ढिगाचा व्हिडिओ, मोजणी, आणि कंपनीला आधी मेल.

आकाशवाणीवर आजवा धरणाच्या पाण्याची बातमी लागल्यावर विमा घ्यायला फोन करणाऱ्यांना माझं उत्तर एकच. हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असं १९३८ च्या विमा कायद्यातच आहे.

८. तेलाच्या चिंध्या

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला की तो आपोआप तापतो आणि पेटू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात टाकाव्या. आग विम्यात असली तरी.

९. अपघाताच्या दिवशी तोंड आणि हात वेगळे चालवावे

हात आधी. माणूस सयाजी हॉस्पिटलला किंवा जवळ असेल त्या दवाखान्यात, खर्चाची चौकशी नंतर. तिथे एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद होऊ द्यावी. 'घरी पडला असं सांगा, पोलिसांची भानगड नको,' हा सल्ला देणारा एकजण नेहमी हजर असतो. त्या एका वाक्याने कामगाराची भरपाई आणि आपली पॉलिसी दोन्ही बुडतात. त्याच दिवशी एजंटला फोन न करता कंपनीला मेल करावा, कारण एजंटला सांगणं म्हणजे कंपनीला कळवणं असं प्रत्येक वेळी धरलं जात नाही. परांचीचा, पट्ट्याचा, शिडीचा फोटो हलवाहलव होण्याआधी.

तोंडाचं अवघड. बडोद्याचा मराठी कंत्राटदार गिऱ्हाइकाचं काही फुटलं की लगेच म्हणतो, 'काळजी करू नका, आम्ही भरून देऊ.' ही आपली रीत, आणि मला ती आवडते. पण तिसऱ्या पक्षाच्या पॉलिसीत अट असते की कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, पैशांचा शब्द द्यायचा नाही. मग म्हणायचं काय? आम्ही म्हणतो, 'आमचा विमा आहे, आजच कळवतो, तुम्हीही फोटो काढून ठेवा.' गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. कामगाराच्या बाबतीत मात्र मी ही अट जीभ बांधण्यापर्यंत नेत नाही. त्याच्या घरच्यांचं तिकीट, जेवण, राहणं आम्ही करतो आणि वहीत 'मदत' म्हणून लिहितो.

१०. विम्याची ओळ कोटेशनमध्ये दिसू द्यावी

इथे भाव चौरस फुटावर ठरतो आणि पन्नास पैशांवरून काम दुसऱ्याकडे जातं. म्हणून बहुतेकजण विमा भावात लपवतात किंवा घेतच नाहीत. आम्ही तो वेगळ्या ओळीत लिहितो, वर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला, तेव्हा गिऱ्हाइकं विचारू लागली, तुमचा का लावता? धंद्याच्या विम्याला ती सूट नाही. काहीजण ती ओळ खोडायला सांगतात. टॉवरचं बाहेरचं काम असेल तर आम्ही खोडत नाही, काम सोडतो. आतलं असेल तर थोडं ओढून धरतो. आता काही सोसायट्यांचे सेक्रेटरी आपणहून पॉलिसीची प्रत मागतात, आणि त्यात उंची किती लिहिलीय ते बघतात. हे नवीन आहे आणि चांगलं आहे.

क्लेम नाकारला गेला तर तिथे थांबू नये. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर विमा लोकपाल. गुजरातचं कार्यालय अहमदाबादला आहे, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात. पुष्कळांना वाटतं की लोकपाल फक्त घरगुती विम्यासाठी. एकट्या मालकाचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांनाही तो खुला आहे, म्हणून उद्यम नोंदणी करून ठेवावी. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सोबत पॉलिसी, नकाराचं पत्र, हजेरीपत्रक आणि भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत न्यावी.